कोलकात्यात पाच दिवस आणि एक वाटी मोई चोई

लेकीची कोलकात्याला मुलाखत निघाली तेव्हा मी बरोबर जायचं ठरवलं. त्यात आईची काळजी थोडी होती आणि चायनीजची ओढ जास्त. आमच्या सांगलीत संध्याकाळ झाली की चौकाचौकात लाल दिव्याच्या गाड्या लागतात. ट्रिपल शेजवान, मंचाव, कोबीचं मंचुरियन आणि तळलेल्या नूडल्सवर कोबी आणि लाल सॉस घालून केलेली ती चायनीज भेळ. मी हे सगळं वीस वर्षं आवडीनं खात आलेय, आणि वीस वर्षं नवरा शेजारी उभा राहून एकच विचारत आलाय, "ह्यात चिनी काय आहे, एवढं सांग." यंदा म्हटलं, बघूनच येते. हिंदुस्थानात चिनी माणसांची पिढ्यान् पिढ्यांची वस्ती जिथं आहे, त्या गावातच जायचंय तर खरं चायनीज शोधूनच परत येऊ.

गुरुवार

पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेसनं निघालो आणि पहाटे हावड्याला उतरलो. डिसेंबरचं धुकं इतकं की पुलाचे खांबच तेवढे दिसत होते, नदी खाली आहे हे नुसतं मानून घ्यायचं. पिवळ्या टॅक्सीनं बेंटिंक स्ट्रीटजवळच्या लॉजवर सोडलं.

सकाळी चहा घ्यायला खाली उतरलो तर रस्ताभर चपलाबुटांची दुकानं. त्यातल्या काही पाट्यांवर चिनी नावं. एका दुकानात लेकीसाठी सँडल बघितले, घेतले नाहीत, पण गप्पा झाल्या. पूर्वी इथल्या चिनी लोकांत ज्याचा त्याचा धंदा ठरलेला होता म्हणे. हक्का (दक्षिण चीनमधला एक समाज) चामड्यात आणि बुटांत, कँटनकडचे सुतारकामात, हुपेकडचे दातांचे डॉक्टर. म्हणजे आपल्याकडच्या आळ्यांसारखंच. दुकानदार स्वतः बिहारी निघाला. दुकान चिनी मालकाकडून घेतलं, पाटी तशीच ठेवली. "नाव चालतं ना," म्हणाला.

रात्री मात्र फसलो. फोनवर सगळ्यांत जास्त तारे बघून एका हॉटेलात गेलो. दारात दोन ड्रॅगन, आत अंधार, गाणी मोठ्यानं. मेनूत शेजवान पनीर डिमसम. सूप आलं ते आमच्या गाडीवरच्या मंचावचं शहाणं भावंड, फक्त दर चौपट. लेक म्हणाली, "आई, ही सांगलीच आहे गं, नुसता एसी लावलेली."

परतल्यावर लॉजच्या काउंटरवरच्या पोरानं तोंड बघून ओळखलं. "मासिमा, फोन विचारू नका, मला विचारायचं." त्यानं वहीचं पान फाडून चिनी वस्तीची दोन नावं लिहून दिली. टिरेटा बाजार, सकाळी. टँगरा, दुपारनंतर. त्याखाली दोन रेघा मारून, "सकाळी म्हणजे सहा." ह्या शेवटच्या ओळीकडं आम्ही नीट लक्ष दिलं नाही, त्याचं फळ पुढं मिळालं.

(अनोळखी गावात हे एवढंच पाळावं. रात्रपाळीचा माणूस, टॅक्सीवाला, बुटांचा दुकानदार, जो तिथं रोज जेवतो त्याला विचारावं. आणि "चांगलं कुठं मिळतं" असं नाही, "तुम्ही कुठं खाता" असं विचारावं. उत्तर वेगळं येतं.)

शुक्रवार

दिवस मुलाखतीत गेला. ती आत, मी बाहेर बाकावर. बरी झाली म्हणाली, एवढ्यावर तो विषय आम्ही बंद केला.

संध्याकाळी मेट्रोनं रवींद्र सदनला उतरलो. चौरंगीवरून आत वळणाऱ्या गल्लीत तिबेटी खाणावळी आहेत. कोलकात्यातली पोरं "एल्गिन रोडचे मोमो" म्हणतात ते हेच. आम्ही टिबेटन डिलाइटमध्ये शिरलो. खोली लहान, टेबलं चिकटलेली, कॉलेजची पोरं खांद्याला खांदा लावून बसलेली. मोमोची प्लेट आली तेव्हा लेकीनं आधीच बजावलं, "मोदक म्हणू नकोस." मी म्हणणारच होते. पातळ पारी, आत चिकनचा रस साठलेला, पहिल्याच घासाला तो माझ्या हनुवटीवरून पदरावर आला. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं दाखवलं की आधी कडेला छोटं भोक पाडून रस ओढून घ्यायचा. मग थेनथुक मागवलं. कणकेचे हातानं तोडलेले चपटे तुकडे, पालेभाजी, पातळ रस्सा. आजारी माणसाला द्यावं असं सौम्य, आणि थंडीत आजारी नसलेल्यालाही हवंहवंसं. आपल्या वरणफळांची आठवण झाली, पण एकदा बजावलं गेलं होतं म्हणून गप्प बसले.

शेजारच्या त्याच मुलीचे आजी-आजोबा चीनविरुद्धचा उठाव फसल्यावर, १९५९ नंतर तिबेटातून निघालेले, ती स्वतः कालिंपाँगची, इथं नर्सिंग शिकते. मी उत्साहात विचारलं, "म्हणजे हे खरं चायनीज ना?" ती हसली नाही. "आंटी, हम चायनीज नहीं हैं." एवढंच म्हणून तिनं वाटीतली लाल चटणी माझ्याकडं सरकवली. सन १९५९ चं तिनंच नुकतं सांगितलं होतं, तरी माझी जीभ पुढं धावली. मला चांगलंच लागलं ते, चटणीपेक्षा.

शनिवार

सहा म्हणजे सहा हे आम्हाला नऊ वाजता कळलं.

सेंट्रल मेट्रोपासून चालत गेलं की लालबाजारच्या पोलीस मुख्यालयामागं, पोद्दार कोर्टाच्या कडेला टिरेटा बाजार लागतो. इथले लोक टेरिटी बाजार म्हणतात. नाव एका इटालियनाचं, अठराव्या शतकात हा बाजार त्याच्या मालकीचा होता. आम्ही पोचलो तेव्हा भाजीचे ढीग, मासळीचं पाणी, हातगाड्या आणि "शोरून, शोरून" (सरका, सरका) चा ओरडा. नाश्त्याचा मागमूस नाही. एका भाजीवालीनं रिकाम्या फुटपाथकडं बोट दाखवून सांगितलं, इथंच असतं, साडेआठला उठलं. उद्या रविवार, उद्या जास्त येतात.

मग आलोच आहोत तर म्हणून छातावाला गल्लीत शिरलो. इथली चिनी देवळं पाट्यांवर स्वतःला चर्च म्हणवतात. सी इप चर्च १९०५ चं, पण आत क्रूस नाही, करुणेची देवी क्वान यिन आहे. इंग्रजांच्या राज्यात प्रार्थनेच्या जागेला चर्च म्हटलं, ते तसंच राहिलं. लाल दार, उदबत्त्यांचा धूर, आणि बाजूच्या खोलीतून फरशा आपटल्यासारखा खडखडाट. तिथं चार म्हातारे माजाँग खेळत होते. त्यातल्या एकानं आम्हाला बसायला स्टूल दिलं. डाव हरल्यावर उठून तो आमच्याकडं आला आणि स्वच्छ हिंदीत म्हणाला, "काय बघायला आलात? देव की जेवण?"

मी खरं सांगितलं. जेवण.

ऐंशीचा असेल. त्यानं पहिल्यांदा एक गोष्ट साफ केली. आम्ही कँटनचे. टँगऱ्याचे ते हक्का. "ते सगळ्यात मिरची घालतात," असं म्हणताना त्याचा चेहरा झाला तो मी ओळखते. कोल्हापूरकर पुण्याच्या तांबड्या रश्श्याबद्दल बोलताना तसाच होतो. मग त्यानं अछिपूरची गोष्ट सांगितली. तोंग अच्यू नावाचा माणूस अठराव्या शतकाच्या शेवटी आला, वॉरन हेस्टिंग्जकडून हुगळीकाठी बजबजजवळ जमीन मिळवली आणि साखरेचा कारखाना काढला. त्याची लाल, घोड्याच्या नालेसारखी कबर तिथं अजून आहे. चिनी नववर्षानंतर इथली कुटुंबं गाड्या करून तिथं जातात, डुक्कर भाजून नेतात, उदबत्त्या लावतात. "आमचा पहिला माणूस साखर करायला आला," तो म्हणाला, "आणि तुम्ही सगळे आमच्याकडं तिखट मागता."

जवळच ब्लॅकबर्न लेनमध्ये तूंग ऑन चर्च आहे. त्याच्या खालच्या मजल्यावर एके काळी नानकिंग नावाचं नामांकित हॉटेल होतं, ते बंद पडूनही आता पिढी उलटली.

दुपारी गणेशचंद्र अव्हेन्यूवर यू च्यू. पेट्रोल पंपाच्या वर जिना चढून जायचं, खालून शोधलं तर चुकतं. १९२० च्या दशकापासूनचं, एकाच कुटुंबाकडं असलेलं हॉटेल. इथलं चिमनी सूप मला हवं होतं. मधोमध निखाऱ्यांचं नळकांडं असलेल्या भांड्यात ते टेबलावरच उकळत राहतं. वेटरनं विचारलं, "आधी सांगितलंय का?" नव्हतं. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी पंगतीला आमंत्रणाशिवाय बसलेय. (तुम्ही आदल्या दिवशी फोन करा, आणि चौघं तरी जा. दोघांना संपत नाही म्हणे.) मग जोसेफिन नूडल्स घेतल्या, घरातल्याच बाईच्या नावावरच्या. पांढुरका, मऊ रस्सा, त्यात चिकन, कोळंबी, भाज्या, लाल रंगाचा थेंब नाही. मी डुकराचं मांस खात नाही, ते वगळून करून दिलं.

आता कबूल करते. पहिल्या घासाला मला ते अळणी लागलं आणि हात मिरचीच्या सॉसकडं गेला. लेकीनं मनगट धरलं. "पाच घास थांब." तिसऱ्या घासाला आलं कळलं, चौथ्याला कोळंबीचा गोडवा. पाचव्याला सॉस घेतलाच, पण थोडा.

रविवार

साडेपाचला उठलो. लॉजचा पोरगा काउंटरमागून अंगठा वर करून हसला.

सहाला दहा मिनिटं होती तेव्हा त्याच फुटपाथवर वाफांचे ढग होते. ॲल्युमिनियमची मोठी भांडी, त्यावर ताटल्या, काही लाकडी पेट्या. आपण नाक पुढं करून चालायचं. वाफवलेले पांढरे बाव, त्यात डुकराचं नाहीतर चिकनचं सारण. शुमाई, म्हणजे सारण भरून वाफवलेल्या लहान पुरचुंड्या. पानात बांधलेले चिकट भाताचे त्रिकोण. तळलेल्या लांब दांड्या, पेजेत बुडवून खायच्या. माशाच्या गोळ्यांचं सूप. तीळ लावून तळलेले गोल गोड गोळे, आत बीन्सचं पुरण. चिनी सॉसेजेसच्या माळा. आणि मध्येच खुशाल पुरी-भाजी आणि कचोरीवालेही. विकणाऱ्यांतले सगळे चिनी नाहीत. खरं तर निम्म्याहून कमीच वाटले. एक बंगाली जोडपं शुमाई विकत होतं, बाई आधी चिनी घरात कामाला होत्या, तिथं शिकल्या. हात बघितला त्यांचा, चिमटीनं पारी गोळा करायचा. मला तर फरक कळला नाही.

माशाच्या सूपाजवळ एक म्हाताऱ्या चिनी आजी होत्या, डोक्याला लोकरीची टोपी, पायात जाड मोजे. मी विचारलं, पोर्क नसलेलं काय? त्यांनी चार भांड्यांपैकी एकाचं झाकण काढलं, बाकीची तीन हातानंच नाकारली. वाडगं गरम, वर कोथिंबीर आणि तळलेला लसूण. माशाचा गोळा दाताखाली चेंडूसारखा उसळी घेतो. बाहेर बारा-तेरा अंश तापमान, स्वेटर घालून उभ्यानं ते प्यायले. लेक सॉसेज खात होती, तिला ते गोडसर लागलं. ती सगळंच खाते, माझ्या आईला हे कळवू नये अशी विनंती.

आजी म्हणाल्या, मुलं दोन्ही टोरोंटोला. इथल्या खूप घरांतली मुलं तिकडंच गेली. एके काळी शहरात वीसेक हजार चिनी होते असं सांगतात, आता दोनेक हजार उरले असतील. "मग तुम्ही नाही गेलात?" त्यांनी चमच्यानं पातेल्याकडं दाखवलं. "ये कौन करेगा?" मागं आठ माणसांची रांग होती, मी सरकले.

सव्वाआठला भांडी पालथी झाली.

इथं जाणाऱ्यांसाठी: सुटे पैसे न्या, पाचशेची नोट बघून सगळे हसतात. बसायला जागा नाही. फोटो विचारून काढा, काही आज्या तोंड फिरवतात. पक्क्या शाकाहारी माणसानं तिळाचे गोळे आणि कचोरी एवढ्यावर समाधान मानावं, आणि तळणाचं तेल कुठलं ते विचारून घ्यावं. शाकाहारी आहे असं नुसतं म्हणू नका, मासाही नको हे वेगळं सांगा. बंगालात ते वेगळंच सांगावं लागतं.

दुपारी टँगरा. टॅक्सीवाल्याला "चायना टाउन" म्हटलं की कळतं. आत शिरलं की उंच भिंती, लोखंडी फाटकं, मध्ये काळं गटार. ह्या भिंतींआड चामड्याचे कारखाने होते, हक्का लोकांचे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रदूषणामुळं कारखाने शहराबाहेर हलवायचा आदेश दिला, पुढं ते बानतल्याला गेले. काहींनी त्याआधीच कारखान्याच्या आवारात हॉटेलं काढली होती, नंतर आणखी निघाली. जिथं कातडी भिजायची तिथं आता लग्नाच्या पार्ट्या होतात. वास अजून कुठंतरी येतो, किंवा मला माहीत होतं म्हणून आला.

वाटेत चिनी काली मंदिर. कालीमातेसमोर लांब चिनी उदबत्त्या, आणि प्रसादाला नूडल्स चढवतात. आम्ही गेलो तेव्हा प्रसाद नव्हता, लेक खट्टू झाली.

मग एका हॉटेलात शिरलो. बीजिंग, गोल्डन जॉय, बिग बॉस ही इथली मोठी नावं, पण आम्ही मुद्दाम एक लहान निवडलं, नाव घरचंच वाटणारं. तीन वाजले होते, गिऱ्हाईक आम्हीच. चिली चिकन, लसूण घातलेली पालेभाजी, भात. (प्लेट अवाढव्य असते. दोघांनी दोन पदार्थांवर थांबावं.) चिली चिकन आलं, आणि काय सांगू. हिरव्या मिरच्या उभ्या चिरलेल्या, सोया सॉसचा तपकिरी रंग, चकाकी, कडेनं किंचित कुरकुरीत. लाल रंग नाहीच. आमच्या गाडीवरच्या चिली चिकनची ही आजी असावी. नाक तेच, पण चालणं वेगळं.

काउंटरवरच्या बाई साठीच्या. मी म्हटलं, मंचुरियन पण तुम्ही असंच छान करत असाल. त्या खळखळून हसल्या. "मंचुरियन? वो तो आपके बॉम्बे का है!" आणि बरोबरच आहे त्यांचं. ते शोधणारे आचारी नेल्सन वाँग जन्मानं कोलकात्याचे, पण मंचुरियन त्यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लबात केलं. आलं, लसूण, हिरवी मिरची हा आपला मसाला, त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर. म्हणजे मी आझाद हिंदमध्ये दीड दिवस बसून मंचुरियनचं माहेर शोधायला आले, आणि ते आमच्याच राज्यात.

चार वाजता मागच्या टेबलावर त्यांचं जेवण लागलं. बाई, त्यांचा भाऊ, दोन नेपाळी आचारी आणि एक बंगाली पोरगा. भात, आलं-कांद्याची पात घातलेला वाफवलेला मासा, आणि एका वाडग्यात काळपट काहीतरी. मी मान लांब करून बघत होते, लेकीनं टेबलाखालून पाय मारला. तरी विचारलंच, ते मेनूत आहे का? बाई म्हणाल्या, नाही, ते घरचं. तुम्हाला आवडणार नाही. त्यात मिरची नाही.

मी म्हटलं, मिरची नसलेलं मी काल शिकलेय.

त्यांनी वाटीत काढून दिलं. मोई चोई. मोहरीचा पाला मीठ लावून, उन्हात वाळवून ठेवतात, मग भिजवून शिजवतात. बहुतेक वेळा डुकराच्या चरबीदार मांसाबरोबर, पण आज नुसतीच होती. तोंडात घातली आणि मी थांबले. खारट, मातकट, किंचित गोड. आमच्या आजोळी मिरजेकडं हरभऱ्याचा पाला वाळवून मडक्यात ठेवायचे आणि पावसाळ्यात भाजी नसली की काढायचे. तीच चव, नेमकी नाही, पण त्याच घरातली. मी हे त्यांना हिंदीत सांगायचा प्रयत्न केला. "चने का पत्ता, सुखाके." बाईंनी भावाला हक्कामध्ये काहीतरी सांगितलं. भावानं मला विचारलं, "चरबी नहीं डालते?" नाही म्हटल्यावर त्याला वाईट वाटलं.

मग बसल्या त्या आमच्याजवळ. १९६२ मध्ये युद्ध झालं तेव्हा चिनी चेहऱ्याच्या सुमारे तीन हजार माणसांना पकडून राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत ठेवलं होतं. आपल्या वर्ध्याजवळची देवळी नव्हे. काही जण १९६७ पर्यंत तिथं होते. टँगऱ्यातली नावाजलेली हॉटेलं चालवणाऱ्या मोनिका लिऊ लहानपणी त्याच छावणीत होत्या, त्यांनी ते जाहीरपणे सांगितलंय. ह्या बाईंच्या घरचं कुणी गेलं होतं का, ते मी विचारलं नाही. त्या म्हणाल्या एवढंच, की त्यानंतर त्यांच्या वडिलांनी घरात ठरवलं, बाहेर सगळ्यांशी बंगालीत बोलायचं. "और खाना?" मी विचारलं. "खाना तो पीछे के टेबल पे."

बिलात मोई चोई नव्हती. मी वाद घातला, हरले.

(रात्री परत येताना गाडी मिळत नाही, गल्ल्या सुनसान होतात. आमचं संध्याकाळी सहालाच उरकलं म्हणून बरं.)

सोमवार

गाडी रात्रीची. सकाळी पो चाँगच्या दुकानात गेलो. १९५८ पासून सॉस करतात. हिरव्या मिरचीच्या सॉसच्या तीन बाटल्या घेतल्या, आणि गंमत म्हणजे चिनी नावाच्या त्याच दुकानात बंगाली कासुंदीही (मोहरीची चटणी) मिळाली, तीही घेतली. दुपारी न्यू मार्केटमध्ये नाहुमची बेकरी. १९०२ ची, बगदादी ज्यूंची. लेक म्हणाली, "बगदाद पण आशियातच येतं, म्हणजे शोधात बसतं." फ्रूट केक गाडीत नागपूर यायच्या आत संपला.

एक बाटली सांडली, लेकीच्या सर्टिफिकेटांच्या फाइलीला अजून मिरचीचा वास येतो. एक घरी ठेवली. तिसरी मी आमच्या चौकातल्या गाडीवाल्याला नेऊन दिली. म्हटलं, कलकत्त्याच्या चिनी लोकांनी केलेला खरा सॉस आहे, वापरून बघ. त्यानं बूच काढून वास घेतला, बोटावर घेऊन चाटला, जरा विचार केला.

"काकी, टेस्ट चांगलीये," तो म्हणाला, "पण हे चायनीज नाही."

बाटली मात्र त्यानं परत दिली नाही.